मुंबईहून गाडीने गरम पाण्याची कुंडं: ३ दिवसांत कुठली धरावीत, कुठली सोडावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादरहून स्वतःच्या गाडीने ३ दिवस, सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि ७ वर्षांचा मुलगा, डोंगरातले नैसर्गिक गरम झरे बघायचेत, त्यात अंघोळही करायची आहे; हिमाचलमधल्या मणिकर्णला जावं की जवळच काही आहे?

मणिकर्ण सोडा. ३ दिवसांत मुंबईहून गाडीने ते होत नाही, आणि तिथलं मूळ पाणी उकळत्याच्या इतकं जवळ असतं की त्यात पोटली सोडून भात शिजवतात. आपल्याकडे पालघरपासून राजापूरपर्यंत, सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात गरम झरे आहेत. मात्र ते घाटमाथ्यावर शोधू नका. ते सगळे सह्याद्रीच्या पश्चिमेला, पायथा आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या कोकणात आहेत. हे ज्वालामुखीचं पाणी नाही. पावसाचं पाणी बेसॉल्ट या काळ्या खडकातल्या भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. त्या भेगा साधारण उत्तर-दक्षिण असल्यामुळे झरेही जवळजवळ एका रांगेत आहेत, आणि म्हणूनच तुमचा रस्ता मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे एनएच-६६.

आता मुख्य मुद्दा. ठिकाणं नावावरून किंवा फोटोवरून ठरवू नका, तापमानावरून ठरवा. अंघोळीचं पाणी ३८ ते ४० अंशांत हवं. ५५ अंशांचं पाणी अर्ध्या मिनिटात भाजतं, ६० अंशांचं पाच-सहा सेकंदांत, ७० अंशांचं एका सेकंदात, आणि लहान मुलाची कातडी पातळ असल्याने त्याला याहूनही कमी वेळ पुरतो. या हिशेबाने पाली जवळचं उन्हेरे आणि संगमेश्वर तालुक्यातलं आरवली (दोन्ही चाळिशीच्या आसपास) तुमच्या कामाची. राजवाडी पन्नाशीच्या वर, तुरळ साठीला टेकलेलं, आणि दापोली तालुक्यातलं उन्हवरे तर सत्तरच्या घरात. ही शेवटची तीन बघायची, किंवा बादलीत गार पाणी मिसळून अंगावर घ्यायची. हे आकडे झऱ्याच्या मुखाशी आहेत. कुंडात पाणी पसरलं की उतरतं, पण किती उतरतं ते कुंडाच्या आकारावर आणि त्या दिवशी किती पाणी सोडलंय त्यावर. म्हणून स्वयंपाकघरात वापरतात तो सुईचा डिजिटल थर्मामीटर बरोबर ठेवा. मुखाशी, समोरच्या टोकाला, आणि तिथेच कमरेएवढ्या खोलीवर अशा तीन जागी मोजा. वरून धार पडणाऱ्या कुंडात गरम पाणी वरवर राहतं, त्यामुळे खाली पायांना बरं वाटलं तरी वर छातीला चटका बसतो. थर्मामीटर नसेल तर बाळाच्या अंघोळीला करतो तसं कोपर बुडवून बघा. तळहातावर विसंबू नका, तो चटक्याला सरावलेला असतो.

रस्ता असा धरा. पहिल्या दिवशी पहाटे ५:३० ला निघा. पेण-नागोठण्याने न जाता एक्स्प्रेसवेवरून खोपोलीला उतरा आणि खोपोली-पाली-वाकण रस्ता घ्या. उन्हेरे या वाटेवरच, पालीपासून तीनेक किलोमीटरवर पडतं, म्हणजे वळसा नाहीच. दादरपासून अंतर साधारण ११० किमी, साडेआठपर्यंत आरामात पोहोचता. आधी कुंड, मग बल्लाळेश्वराचं दर्शन, मग नाश्ता, हा क्रम पाळा. भरल्या पोटी गरम पाण्यात बसलं की मळमळतं आणि सकाळचं पाणी स्वच्छही असतं. फक्त संकष्टी, अंगारकी आणि माघी गणपतीचे दिवस टाळा, पालीत गाडी लावायला जागा मिळत नाही.

पालीहून वाकण फाट्याला महामार्ग लागतो. इंदापूर आणि माणगावच्या बाजारात कोंडी होते, शनिवारी सकाळी जास्तच, म्हणून शक्य असेल तर शुक्रवारी निघा. महाडजवळ दापोलीकडच्या रस्त्यावर सव आहे, सावित्रीच्या काठी. पाणी सोसवेल असंच, पण उन्हेरे केलं असेल तर त्यासाठी थांबायचं कारण नाही. पोलादपूरच्या पुढे कशेडीचा बोगदा झाल्यामुळे वळणं टळतात, आईंना गाडी लागत असेल तर हा मोठाच दिलासा. मुक्काम चिपळूणला करा. खेडहून उन्हवऱ्याचा फाटा तुम्हाला खुणावेल, पण रस्ता अरुंद, जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो आणि एवढं करून सत्तर अंशांच्या पाण्याला हातही लावता येत नाही. मोठी माणसंच असती तर जा म्हटलं असतं, मुलाबरोबर नको.

दुसरा दिवस खरा मजेचा. चिपळूणहून सावर्डे मागे टाकलं की पाऊण तासात आरवली येतं. कुंड गड नदीच्या पुलाजवळ, महामार्गाला लागूनच आहे. इथे तासभर द्या. पुढे पंधरा-वीस मिनिटांवर तुरळ, तेही रस्त्याच्या कडेला. तुरळला पाण्यातून बुडबुडे येताना दिसतील. पाणी उकळतंय असं मुलाला सांगू नका, तो खडकातून सुटणारा वायू आहे, मुख्यतः नायट्रोजन. वास मात्र किंचित गंधकाचा येतो. तुरळपासून आत तीनेक किलोमीटरवर राजवाडी. देऊळ, झाडी, शांतता असं सगळं मिळून या पट्ट्यातलं माझ्या मते सर्वात देखणं ठिकाण. संध्याकाळी संगमेश्वरजवळ कसब्याचं कर्णेश्वर मंदिर बघा, शिल्पं निवांत बघण्यासारखी आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर परतीला लागा.

तुरळ-राजवाडीला बादलीचा हिशेब: साठ अंशांचं पाणी आणि २७ अंशांचं साधं पाणी मिसळून चाळीस करायचं तर २० लिटरच्या बादलीत १२ लिटर गार आणि ८ लिटर गरम. आधी गार ओता, मगच गरम. उलट केलं की मधल्या मिनिटात मूल हात घालतं. गार पाणी तिथे मिळेलच असं धरू नका, डिकीत पाच लिटरचे तीन कॅन भरून ठेवा.

पाण्यात मोठ्यांनी दहा मिनिटं, मुलाने पाच, त्याहून जास्त नको. बसायचं ते छातीपर्यंतच. डोकं बुडवू नका आणि मुलाला नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. नाकातून गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर बहुतेक वेळा जीव जातो. आई-बाबांपैकी कुणाला मधुमेह असेल आणि तळपायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर पाय पाण्यात सोडायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी तापमान बघायचंच, कारण भाजलेलं त्यांना कळणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर बाहेर येताना एकदम उभं राहायचं नाही: आधी काठावर दोन मिनिटं बसायचं, कुणाचातरी हात धरायचा, मग उठायचं. कुंडाशी लोक पडतात ते बहुतेक या क्षणी, आणि वर पायऱ्यांना शेवाळ असतंच. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंघोळ नको, पायावर पाणी घ्या. उघडी जखम असेल तर कुणीच उतरू नये. कारण त्वचेचे विकार असलेले लोक मुद्दाम इथे अंघोळीला येतात.

गाडी चालवणाऱ्याने अंघोळीनंतर अर्धा तास स्टिअरिंगला हात लावू नये. रक्तदाब उतरलेला असतो आणि झोप येते. तेवढ्यात अर्धा लिटर पाणी किंवा ताक पोटात जाऊ द्या.

सामान: रबरी तळव्याच्या चपला (देवळाच्या आवारात काढाव्या लागतात, म्हणून पटकन निघणाऱ्या), बादली-मग, जुने सुती पंचे, ओले कपडे ठेवायला जाड पिशवी, सीटवर टाकायला प्लास्टिक. गाडीची रिमोट चावी आणि मोबाइल बंद होणाऱ्या पाउचमध्ये. चांदीचे दागिने गाडीतच ठेवा, गंधकाने काळे पडतात. साबण-शाम्पू कुंडात नाही म्हणजे नाही. बहुतेक ठिकाणी देवळाचं कुंड असतं, स्त्री-पुरुषांची जागा वेगळी असते, आणि अंगभर कपडे घालून उतरण्याची रीत आहे. पोहण्याचे कपडे नकोत. पोहोचल्यावर पहिलं काम, कुंड भरलेलं आहे का ते विचारा. घासायला रिकामं केलं असेल तर पुन्हा भरायला वेळ लागतो, तेव्हा ताटकळत न बसता पुढचं ठिकाण आधी उरका.

कधी जायचं? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. मे महिन्यात घाम गाळत गरम पाण्यात कोण बसणार, आणि वर चाकरमान्यांची गर्दी. पावसात नदीकाठच्या कुंडांत पुराचं पाणी शिरतं, परशुराम घाटात दरड येण्याची भीती असते. गणपती आणि शिमग्याच्या दिवसांत महामार्गावर जाणं म्हणजे गाडीतच मुक्काम.

राजापूरचं उन्हाळे यात मुद्दाम घेतलं नाही. पाणी चाळिशीचं, छान आहे, पण मुंबईपासून पावणेचारशे किलोमीटर. तिसऱ्या दिवशी तिथून थेट परत यायचं तर आई-बाबांची कंबर राहणार नाही. अपवाद एकच, राजापूरची गंगा आलेली असेल तर. ती कुंडं उन्हाळे गावापासून जवळच, एरवी कोरडी असतात, साधारण तीनेक वर्षांनी अचानक वाहू लागतात आणि काही काळाने थांबतात. बातमी आली तर चौथा दिवस काढा आणि जा.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी आणि मनोरच्या बाजूची सातिवली, हालोली, कोकनेर ही या सहलीत कोंबू नका, ती मुंबईच्या उलट दिशेला आहेत. पण निघायच्या आधीच्या एखाद्या रविवारी अकलोलीला अर्धा दिवस जरूर जा. घोडबंदरवरून अहमदाबाद महामार्ग, शिरसाड फाट्याला उजवीकडे, पुढे अंबाडीचा रस्ता. तानसा नदीच्या काठी रामेश्वराच्या देवळाशी एकाशेजारी एक कुंडं आहेत आणि प्रत्येकाचं तापमान वेगळं. सर्वात कोमट कुंडापासून सुरुवात करून आई-बाबांना किती सोसतं ते तिथेच कळेल. तिथे त्रास झाला तर तुरळ-राजवाडीला त्यांच्यासाठी खुर्ची न्या आणि बादलीत गार मिसळलेल्या पाण्यात फक्त पाय शेकू द्या.