डोंगल दिसतो आणि गायब होतो: ड्रायव्हर सोडा, आधी आयडी बघा

यूएसबी वायफाय डोंगल उबुंटूत का टिकत नाही, असं तुम्ही विचारलंय; त्यातल्या ‘डोंगल क्षणभर दिसतो आणि गायब होतो’ या वाक्यावर मी थांबलो. विंडोजचा लॅपटॉप, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (म्हणजे विंडोजच्या आत दुसरं, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उबुंटू लिनक्स, प्रोजेक्टसाठी मॉनिटर मोड (आसपासचं सगळं वायफाय ट्रॅफिक नुसतं ऐकायची सोय) हवा आणि ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकूनही हाती काही नाही. हे सगळं मी भोगलंय.

लॅपटॉपच्या आतलं वायफाय कार्ड उबुंटूला दिसणारच नाही, त्याचा नाद सोडा. व्हर्च्युअलबॉक्स आतल्या मशीनला वायरचं नेटवर्क कार्ड असल्याचं भासवतो, नेट त्यातून येतं. नुसतं नेट हवं असतं तर डोंगलही लागला नसता.

आता मुद्द्याचं. रिअलटेक कंपनीची चिप असलेले बरेच डोंगल लावल्या लावल्या स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. तेव्हा यूएसबी आयडी (कंपनी आणि उपकरण ओळखायचा क्रमांक) असतो ०बीडीए:१ए२बी. कुठलं उपकरण उबुंटूकडे द्यायचं हे ठरवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी फिल्टरमध्ये तुम्ही तोच घेतला असणार. उबुंटूत ती सीडी ‘इजेक्ट’ झाली की डोंगल नव्याने जोडला जातो, या वेळी खरं वायफाय कार्ड म्हणून, आणि आयडी बदलतो. ८८११सीयू चिप असेल तर ०बीडीए:सी८११. हा आयडी फिल्टरमध्ये नसतो, म्हणून डोंगल परत विंडोजकडे जातो. ड्रायव्हर बिचारा आत वाट बघत बसतो!

ही एवढी गोष्ट मला सांगायला कुणी तयार नव्हतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानदाराने ‘लिनक्सवर चालतंय की’ म्हणून डोंगल दिला, त्याच्यावर माझा राग नाही, खोक्यावरच तसं छापलं होतं. राग आहे तो कंपनीच्या मदत केंद्रावर. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तेच: ‘ड्रायव्हर काढून परत टाका.’ आत कुठली चिप आहे, हे विचारलं तर सांगत नाहीत. शेवटी ‘व्हर्च्युअल मशीनला सपोर्ट नाही’ असं लिहून तक्रारच बंद केली. अहो, मग पहिल्या दिवशीच सांगा ना! पोरांचं सबमिशन तोंडावर असतं.

तर, डोंगल विंडोजकडे परत गेला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा आयडी बघा आणि त्याचा दुसरा फिल्टर टाका. दोन्ही फिल्टर राहू देत. काही जण फक्त ०बीडीए (हा रिअलटेकचा क्रमांक) लिहून बाकी रकाने रिकामे सोडायला सांगतात. चालतं, पण लॅपटॉपचा कॅमेरा किंवा कार्ड रीडर रिअलटेकचा असेल तर तोही आत ओढला जाईल. व्हर्च्युअलबॉक्स ७.० च्या आधीचा असेल तर यूएसबी २ आणि ३ साठी एक्स्टेन्शन पॅक (वेगळा टाकायचा जोड) लागतो, तेही तपासा.

एवढं झाल्यावरच ड्रायव्हरकडे वळा. उबुंटू २४.०४ असेल तर ८८११सीयूसाठी बाहेरून काही आणू नका, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासून त्याचा ड्रायव्हर आतच आहे. इंटरनेटवरचे जुने ड्रायव्हर नव्या कर्नलवर कंपाइल होता होता दमवतात. चिप दुसरी असेल तर माझं हे लागू पडेलच असं नाही.

अजून डोंगल बदलून मिळत असेल तर खोक्यावरचं मॉडेल बघून घेऊ नका, चिप विचारून घ्या. एकाच मॉडेल नंबरच्या पुढच्या आवृत्तीत वेगळीच चिप निघते. मॉनिटर मोडसाठी माझं मत एआर९२७१ चिपला, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते पण त्रास देत नाही. दोन्ही बँड हवे असतील तर एमटी७६१२यू. दोघींचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. आणि प्रयोग घरच्या राउटरवरच करा, हॉस्टेलच्या किंवा शेजाऱ्यांच्या नको, भानगड होते.

दुसरा फिल्टर टाकूनही दिसला नाही, तर उबुंटूच्या टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी) या कमांडचं आणि डीमेसेज (dmesg, कर्नलचे संदेश) या कमांडच्या शेवटच्या ओळींचं आउटपुट इथे टाका. रात्री दुकान बंद करून आलो की बघतो.