गर्भाशयात पॉलिप निघालाय, म्हणजे कॅन्सरच का?

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणी घेऊन येतात की शेवटी लिहायलाच बसले. त्यातल्याच एक ताई, पन्नाशी ओलांडलेल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). पाळी जाऊन दोनेक वर्षं झालेली, मग अचानक डाग दिसायला लागले, सोनोग्राफीत पॉलिप निघाला, डॉक्टर म्हणाले काढून तपासायला पाठवू, आणि तिथून यांची झोपच उडाली.

"रिपोर्टमध्ये काय लिहिलंय आणि तुमच्या मनानं काय जोडलंय ते वेगवेगळं सांगा बघू."

"लिहिलंय पॉलिप. पण तपासायला पाठवतात म्हणजे डॉक्टरांना संशय असणारच ना मॅडम?"

पॉलिप म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचीच एका जागी झालेली जास्तीची वाढ, कधी देठावर लोंबणारी, कधी रुंद बुडाची, काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत. बहुतेक पॉलिप साधेच असतात. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर कॅन्सरची शक्यता थोडी वाढते हे खरं, पण काढलेला पॉलिप तपासायला पाठवतातच, संशय असो वा नसो.

हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं त्यांना. तरी भीती जाईना. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाल्या, "तीन-चार महिने लपवलं मी. आता जे होईल ते माझ्यामुळेच."

खरी गाठ इथे होती! माहितीनं भीती कमी होते, अपराधीपणा होत नाही, त्याच्यामागचा विचारच शोधावा लागतो असं माझं ठाम मत आहे.

"का लपवलंत?"

"लेकीचं बाळंतपण होतं. तिला टेन्शन नको म्हणून."

"मग ते लेकीला जपणं होतं ना?"

खूप रडल्या. आणि त्यानंतर पहिल्यांदाच विचारलं, हिस्टेरोस्कोपीत नक्की काय करतात? मी सांगितलं, दुर्बिणीनं आत बघून पॉलिप बुडापासून काढतात, पोटावर चिरा नसतो. रिपोर्ट यायच्या आधीच त्या नीट झोपायला लागल्या होत्या, याचं मला फार समाधान आहे.

तुमच्यासाठी एवढंच, पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी लगेच दाखवा. पाळी चालू असेल तर दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं किंवा खूप जास्त जाणं अंगावर काढू नका. काहींना लक्षणच नसतं, मूल होत नाही म्हणून तपासणी करताना पॉलिप सापडतो. छोटे पॉलिप कधीकधी आपोआप जातातही, त्यामुळे डॉक्टर थांबू म्हणाले तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेत असाल तर पॉलिप होण्याची शक्यता जास्त असते, पण म्हणून ती गोळी मनानं बंद करायची नाही, आधी डॉक्टरांशी बोला.