माफीच्या साक्षीदाराचा शब्द आणि तुमची सही

प्रश्न : मी एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात होतो. बनावट पुरवठादारांच्या नावे बिले काढून पैसे वळवल्याच्या आरोपावरून २०२२ पासून खटला चालू आहे आणि त्यात मीही आरोपी आहे. आमचे वित्तप्रमुख माफीचे साक्षीदार झाले असून, बिले खोटी असल्याचे मला ठाऊक होते, असे त्यांनी सरतपासणीत (सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना) सांगितले. पोलिसांना दिलेल्या पहिल्या जबाबात त्यांनी माझे नावही घेतले नव्हते. बिलांवर माझ्या सह्या आहेत आणि माल कधी आलाच नाही, असे अंतर्गत लेखापरीक्षकही सांगतात. एवढ्यावर मला शिक्षा होईल का?

उत्तर : तुमचा खटला १ जुलै २०२४ पूर्वीच सुरू झालेला असल्याने त्याला त्या दिवशी लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियम नव्हे, तर १८७२ चा पुरावा कायदाच लागू राहील. त्याच्या कलम १३३ नुसार केवळ गुन्ह्यातील साथीदाराच्या (माफीचा साक्षीदारही त्यातच मोडतो) साक्षीवर झालेली शिक्षा बेकायदेशीर ठरत नाही; मात्र कलम ११४ मधील दृष्टान्त (ख), म्हणजे कायद्यातच दिलेल्या उदाहरणाप्रमाणे, महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळाल्याखेरीज अशी साक्ष विश्वासार्ह नाही, असे न्यायालय गृहीत धरू शकते. सरवणसिंग खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी कसोटी सांगितली : साक्षीदार मुळात विश्वसनीय वाटला पाहिजे आणि त्यानंतर त्याच्या म्हणण्याला पुरेशी पुष्टीही मिळाली पाहिजे. पहिलीच पायरी ढासळली, तर दुसरीकडे वळण्याचे कारण उरत नाही.

पुष्टी नेमकी कशाची होते आहे, हा तुमच्या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे आणि माझ्या मते बचावाचा सगळा भर त्यावरच असावा. लेखापरीक्षकांच्या साक्षीने अफरातफर झाली एवढे सिद्ध होईल, पण ती तुम्हाला माहीत होती हे त्यातून निघत नाही. आणि पुष्टी गुन्ह्याची होऊन भागत नाही, ती त्या विशिष्ट आरोपीला गुन्ह्याशी जोडणारी असावी लागते. वित्तप्रमुखांनी स्वतः तयार केलेली टिपणे त्यांच्याच शब्दाला स्वतंत्र आधार देऊ शकत नाहीत, हेही न्यायालयाच्या लक्षात आणून द्यायला हवे. सह्यांचा प्रश्न मात्र कठीण आहे. बिल मंजूर करण्यापूर्वी माल पोहोचल्याची पावती तपासणे हे तुमचेच काम असेल आणि पावतीविना तुम्ही वारंवार सह्या केल्या असतील, तर ती परिस्थिती जड जाईल. ती तपासणी दुसऱ्या विभागाकडे असेल, तर कार्यपद्धतीचे लेखी परिपत्रक फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली मागवून घ्यावे.

पहिल्या जबाबात तुमचे नाव नसणे आणि माफी मिळाल्यावर ते येणे, ही साधी विसरभोळेपणाची बाब नव्हे. इतका महत्त्वाचा तपशील गाळला जाणे ही विसंगतीच ठरू शकते. परंतु उलटतपासणीत तो जबाब साक्षीदारासमोर ठेवून प्रश्न विचारला नाही आणि पुढे तपास अधिकाऱ्याकडून ते सिद्ध करून घेतले नाही, तर अंतिम युक्तिवादात त्याचा उपयोग होणार नाही. वकिलांशी हे आजच बोला.

ई-मेलच्या छापील प्रती दाखल झाल्या असतील, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कशी तयार झाली हे सांगणारे प्रमाणपत्र आहे का, ते पाहा. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते आवश्यक ठरवले आहे. हरकत प्रतींना निशाणी (पुरावा म्हणून क्रमांक) पडतानाच घ्यावी; अर्थात सरकार पक्षाला प्रमाणपत्र नंतर आणू देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खालील जबाबात, म्हणजे न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात तेव्हा, सह्यांबाबत तुम्ही जे स्पष्टीकरण द्याल, ते उलटतपासणीत घेतलेल्या भूमिकेशी जुळलेच पाहिजे. आणि लेखापरीक्षक तुमचे जुने सहकारी असले, तरी त्यांना भेटू नका, फोन करू नका. हेतू कितीही चांगला असला, तरी साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप होऊन जामीन रद्द होऊ शकतो.