निवडलेले की निवडून आलेले?

जालन्याहून एका वाचकांनी विचारलंय: चर्चच्या उपासनेत ‘आपण देवाचे निवडून आलेले लोक’ म्हणतात ते बरोबर का, आणि बायबलमधल्या तीताच्या पत्रातलं ‘सुशिक्षण’ म्हणजे काय?

बरोबर नाही! दर वेळी कानाला टोचतं. निवडून येतो तो सरपंच. अर्ज भरतो, दारोदार मतं मागतो. विश्वासणारे ‘निवडलेले’. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात बघा, याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, बरंवाईट काही केलं नव्हतं, तेव्हाच देवाची निवड ठरली होती. तिथे ‘येणं’ कुठून आलं?

आता ‘निवडणे’. संस्कृतचा सोस असलेली मंडळी ‘नि’ अधिक ‘वृ’ अशी फोड करतात. अहो, त्यातून ‘निवारण’ निघतं, म्हणजे अडवणं, रोखणं! निवडीशी त्याचा संबंध काय? बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचं प्राकृत व्याकरण उघडा. वेगळं होणे आणि स्पष्ट होणे, या दोन अर्थी तिथे ‘णिव्वड’ दिलाय. माझ्या मते आपला शब्द तिथलाच. सुपात तुरीची डाळ घेऊन बसलेली बाई डाळही निवडते आणि खडेही निवडते. ठेवायचं त्याला आणि टाकायचं त्याला क्रियापद एकच, कारण मुळात अर्थ पसंत करणे नाहीच, वेगळं करणे आहे. आपल्या आपेगावच्या ज्ञानोबांचा राजहंसही पाण्यातलं दूध ‘निवडूनि’ वेगळं करतो. आणि ‘स्पष्ट होणे’ कुठे गेलं? ‘निवाडा’ या शब्दात! निवड आणि निवाडा सख्खी भावंडं आहेत. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये इथे असलेल्या ‘एक्लेक्तोस’चा अर्थही वेचून बाहेर काढलेला असाच, त्यामुळे ‘निवडलेले’ हे भाषांतर मला फार नेमकं वाटतं.

‘सुशिक्षण’ राहिलंच. त्याचा शाळा-कॉलेजशी संबंध नाही. मूळ ग्रीक क्रियापद ‘ह्युगियाइनो’, म्हणजे निरोगी असणे. ‘हायजीन’ त्याच घराण्यातला. निरोग्यांना वैद्याची गरज नसते हे येशूचं बोलणं लूकने आपल्या शुभवर्तमानात लिहिलं, तिथेही हेच क्रियापद आहे. तेव्हा सुशिक्षण म्हणजे निरोगी शिकवण, भेसळ न झालेली. तीताच्या पहिल्या अध्यायात पहिल्याच वचनात निवडलेल्यांचा विश्वास येतो आणि नवव्यात मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अध्यक्षाला सांगणं येतं: शिकवलेलं वचन घट्ट धरून ठेव, सुशिक्षणाने बोध कर, उलट बोलणाऱ्यांना खोडून काढ. निवड झालेल्यांनी शिकवणीचा निवाडा करायचा, तो असा.