हाताने केलेल्या काचमण्यांच्या ॲनीलिंगसाठी कोणती भट्टी घ्यावी?

ॲनीलिंगसाठी, म्हणजे काचेतला ताण सुटेपर्यंत मणी ठरावीक तापमानाला ठेवून मग सावकाश निववण्यासाठी, तुमच्यासमोर दोन भट्ट्या आहेत असे तुम्ही लिहिले आहे. एक लहान, समोरच्या दारात मण्यांसाठी अरुंद झडप असलेली, परंतु प्रोग्रॅम लावण्याची सोय नसलेली. दुसरी मोठी, वरून उघडणारी, १२०० अंश सेल्सिअसपर्यंत जाणारी आणि डिजिटल कंट्रोलर असलेली. "मोठी घेतली तर पुढे आणखी कशाला तरी उपयोगी पडेल" हे तुमचे वाक्य वाचले आणि उत्तर लिहायला बसले, कारण नेमक्या याच वाक्यावर विसंबून मी दुसऱ्या प्रकारची भट्टी घेतली होती आणि माझे जवळजवळ दीड वर्षाचे काम त्यात गेले.

ज्या सरांकडे मी ज्योतीवर मणी करायला शिकले, त्यांचा मूळ हात मातीकामाचा. त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि सळईवर काच गुंडाळताना मनगट कसे सैल ठेवावे हे त्यांच्याइतके चांगले मला दुसऱ्या कोणी शिकवले नसते. पण भट्टीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे असे होते की, विटांची मोठी भट्टी बंद केल्यावर थंड व्हायला अख्खी रात्र घेते, म्हणजे मण्याला आपोआप ॲनीलिंग मिळते. झडप वगैरे हौशी लोकांचे चोचले आहेत. मी त्यांचे ऐकले आणि मातीकामाची वापरलेली भट्टी घेतली.

पहिल्याच दिवशी अडचण समजली. मणी तयार झाला की त्याची लाली जाईपर्यंत थांबून तो लगेच भट्टीत ठेवावा लागतो आणि त्यासाठी दर दहा-पंधरा मिनिटांनी संपूर्ण झाकण उचलावे लागे. झाकण उचलताच गरम हवा एकदम वर निघून जाई, चेहऱ्यावर झळ बसे आणि कंट्रोलरवरचा आकडा ५१० वरून पाहता पाहता ४०० च्या खाली येई. तो पूर्ववत होईपर्यंत पुढचा मणी तयार असे. म्हणजे सकाळी आत गेलेल्या पहिल्या मण्याने दुपारपर्यंत वीस वेळा असा झटका सोसलेला असे. काही मणी आतच तडकत. बाकीचे धडधाकट दिसत, आणि तेच अधिक घातक ठरले.

त्या दिवसांत मी माझ्या आत्यासाठी एक माळ केली होती. गडद निळे मणी, त्यांवर पांढरे ठिपके, आणि मधोमध सुपारीएवढा एक मोठा मणी, ज्यावर मी तीन वेगवेगळ्या दिवशी प्रयत्न करून चौथ्या दिवशी समाधान मानले होते. चार महिन्यांनी आत्या एक लहान डबी घेऊन आली. आत कापसावर तो मोठा मणी होता, भोकाच्या रेषेत सरळ दोन भागांत फुटलेला. दोन्ही कडा इतक्या स्वच्छ की जोडून धरल्या तर सांधा दिसू नये. "अगं, मी हातसुद्धा लावला नव्हता, कपाटातच होती," असे ती पुन:पुन्हा म्हणत होती. आपल्या हातून काहीतरी चूक झाली असे तिला वाटत होते आणि ते सांगताना तिचा आवाज खाली गेला होता. चूक तिची नव्हती हे मला तेव्हाच ठाऊक होते.

सरांनी ती डबी पाहिली आणि निदान केले की निळी आणि पांढरी काच एकमेकींशी जुळत नसावी किंवा माझा हात अजून कच्चा आहे. पहिली शंका रास्त होती. दोन काचांचे प्रसरण वेगळे असेल तर कितीही चांगले ॲनीलिंग केले तरी मणी फुटू शकतो. म्हणून मी ती शंका काढून टाकायचे ठरवले. एकाच पारदर्शक कांडीपासून, दुसरा कोणताही रंग न लावता, एकसारखे बारा मणी केले; सहा माझ्या भट्टीत ठेवले आणि सहा एका मैत्रिणीच्या लहान, झडपेच्या भट्टीत. सगळे थंड झाल्यावर संगणकाच्या एलसीडी पडद्यावर कोरे पांढरे पान उघडले, त्यासमोर पोलरॉइडची (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी) पट्टी पडदा काळा दिसेपर्यंत फिरवली आणि दोहोंच्या मध्ये ग्लिसरीनच्या वाटीत एकेक मणी भोकाच्या दिशेने पाहिला. (ग्लिसरीन अशासाठी की गोल पृष्ठभागामुळे प्रकाश वाकतो आणि नुसत्या हवेत नीट दिसत नाही.) मैत्रिणीच्या भट्टीतले सहाही मणी पार्श्वभूमीसारखेच काळे होते. माझ्या भट्टीतल्या पाच मण्यांत भोकाभोवती काळी फुली आणि तिच्या चार कोपऱ्यांत उजळ डाग दिसत होते. तो उजेड म्हणजे काचेत अडकून पडलेला ताण.

कारण शोधायला आणखी एक दिवस लागला. दुसरे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) मागून आणून, जिथे मणी ठेवले जातात त्या तळाच्या फळीवर त्याचे टोक टेकवले, तेव्हा कंट्रोलर ५१० दाखवत असताना तळाशी ४७० च्या आसपास तापमान होते. भट्टीचे स्वतःचे थर्मोकपल भिंतीत बरेच वर, झाकणाजवळ बसवलेले होते. मडक्यांच्या कामात १००० अंशांवर चाळीस अंशांचा फरक कदाचित चालून जात असेल. काचेच्या कामात तो चालत नाही, कारण ॲनीलिंग पॉइंटवर काचेची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, साधारण १०^१३ पॉइझ (विष्यंदितेचे एकक) असते आणि ताण सुमारे पंधरा मिनिटांत सुटतो, तर त्याखाली थोड्याच अंशांवर येणाऱ्या स्ट्रेन पॉइंटला ती १०^१४.५ पॉइझ होते आणि त्याच कामाला कित्येक तास लागतात. माझे मणी या दोहोंच्या मध्येच कुठेतरी तासभर बसत होते आणि मग सावकाश थंड होत होते. आधीचा ताण सुटलेलाच नसेल तर सावकाश थंड होण्याने तो जात नाही, तो जसाच्या तसा राहतो. उष्णतारोधक फायबरच्या चादरीत किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये (एका हलक्या, उष्णतारोधक खनिजाच्या दाण्यांत) मणी पुरून ठेवण्यालाही हेच लागू आहे. त्यामुळे मणी लगेच तडकण्यापासून वाचतो, पण त्याला ॲनीलिंग म्हणणे चुकीचे आहे, आणि विकायच्या मण्यांवर "ॲनील केलेले" असे लिहून त्यांना नुसत्या चादरीतून काढणे मला फसवणूक वाटते.

म्हणून तुम्हाला माझे स्पष्ट मत: लहान, झडपेची भट्टी घ्या आणि तिला बाहेरून तापमानाची चढण, ठराव आणि उतरण लावता येणारा कंट्रोलर जोडून घ्या. तो जोडता येणार नसेल आणि भट्टीला नुसता कमी-जास्त करण्याचा गोल खटका असेल, तर तीही घेऊ नका, कारण भट्टी हळूहळू वर चढत राहते आणि तुम्ही ज्योतीत गुंतलेले असता तेव्हा तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. कमाल तापमानाचा आकडा तुमच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा आहे. मणीकामातल्या नेहमीच्या १०४ प्रसरणांकाच्या (तापल्यावर काच किती प्रसरण पावते ते सांगणारा आकडा) सोडा-लाइम काचेला ५१० अंशांच्या आसपास, बुलसाय कंपनीच्या काचेला ४८२ आणि बोरोसिलिकेटला साधारण ५६५ अंश लागतात. १२०० अंशांची ताकद त्यात कुठेच कामी येत नाही. वीस मिलिमीटरपर्यंतच्या मण्याला शेवटचा मणी आत गेल्यानंतर एक तासाचा ठराव मी देते, मग ताशी साठ अंशांनी उतरवते आणि ३७० नंतर भट्टी बंद करते. झडप उघडल्याने आकडा दहा-वीस अंशांपलीकडे पडत नसेल तर झडप योग्य मापाची आहे असे समजा. सळईची मूठ झडपेबाहेर राहून मणी भिंतीपासून दूर, मधोमध बसतो का, हे तुमच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड अशा दोन्ही सळया घालून पाहा.

एक गोष्ट विक्रेते सहसा आपण होऊन सांगत नाहीत. दार किंवा झडप उघडताच आतल्या तापणाऱ्या तारांचा वीजपुरवठा तोडणारा स्विच भट्टीला असलाच पाहिजे. तुम्ही हातात पोलादी सळई धरून ती आत सारत आहात आणि तिचे टोक उघड्या तारेला लागले तर वीज सरळ तुमच्या हातात येईल. अर्थिंग पक्के असल्याशिवाय भट्टी पहिल्यांदा सुरू करूच नका.

वीट घ्यावी की सिरॅमिक फायबर, असेही तुम्ही विचारले आहे. दोन्ही चालतात. फायबरची भट्टी लवकर तापते आणि तितक्याच लवकर निवते, त्यामुळे तिला उतरणीचा प्रोग्रॅम अत्यावश्यक आहे. विटेची तापायला वेळ घेते, पण वीज अचानक गेली तर मणी वाचवते. फायबर कुरतडले गेले की त्याचे तंतू हवेत येतात, तेव्हा आतून झाडपूस करताना मास्क लावा.

वर जे ठामपणे लिहिले आहे त्याला काही अपवाद आहेत, ते सांगायला हवेत. तुम्हाला पुढे सपाट काच एकमेकीवर वितळवून जोडायची असेल तर ८०० अंशांच्या वर जाणारी, रुंद तळाची भट्टी लागेल आणि मग झडप असलेलीच मोठी भट्टी शोधावी लागेल. तापवल्यावर रंग उमलणाऱ्या काचा ५१० अंशांवर पाच-सहा तास राहिल्या तर रंग बदलतात, त्यामुळे असे मणी दिवसाच्या शेवटी करावेत. आणि आठवड्याला चार-पाचच लहान, गोल मणी होत असतील तर भट्टी विकत घेण्याची घाई नको. चादरीत निववलेले मणी साठवून ठेवून एखाद्याच्या भट्टीत थंड स्थितीतून सावकाश चढवून एकदम ॲनील करून घेता येतात, फक्त त्याआधी ज्यांना तडा गेला असेल ते त्याने सांधले जात नाहीत.

मोठ्या भट्टीचे पैसे देऊन झाले असतील तर तीही असल्याच एकगठ्ठा ॲनीलिंगसाठी वापरा: फळी तळावरून उचलून थर्मोकपलच्या पातळीला आणा, दुसरे थर्मोकपल मण्यांच्या शेजारी ठेवा आणि कंट्रोलरचा आकडा न पाहता त्या दुसऱ्या आकड्याप्रमाणे तापमान लावा. माझी जुनी भट्टी मी अशीच वापरते. आत्याचा मोठा मणी मी नव्याने केला, तो आधी ग्लिसरीनच्या वाटीत धरून तिला दाखवला आणि मगच माळेत ओवला. पहिल्या मण्याचे दोन तुकडे मात्र त्याच डबीत माझ्या कामाच्या टेबलावर आहेत, आणि सर आले की अजूनही आमची त्यांच्यावरूनच चर्चा सुरू होते.