फॉरवर्ड ऑस्मोसिससाठी सर्वांत चांगला ड्रॉ सोल्यूट कोणता?

तुमचा प्रश्न असा की, आरओमध्ये (रिव्हर्स ऑस्मोसिस) पाणी मेम्ब्रेन या बारीक पडद्यातून ढकलायला पंपाचा दाब लागतो आणि फॉरवर्ड ऑस्मोसिसमध्ये पडद्यापलीकडच्या तीव्र द्रावणाकडे पाणी आपणहून ओढलं जातं. मग समुद्राचं पाणी गोडं करायला कोणता ड्रॉ सोल्यूट, म्हणजे त्या द्रावणात विरघळवायचा पदार्थ, घ्यावा? मी आधी उलट विचारेन: ओढलेलं पाणी त्यातून परत सोडवायचं आहे का?

कारण ओढणं सोपं आहे. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे पाणी ओढण्याची ताकद, साधारण २७ बार. लिटरभर द्रावणात १ मोल, म्हणजे ५८.५ ग्रॅम साधं मीठ असलं, तरी तो ५० बारच्या आसपास जातो. पण हाती येतं पातळ झालेलं मिठाचं पाणी. ते पिणार कसं? शिवाय पातळ झाल्यावरही त्याचा दाब समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्तच हवा, नाहीतर पाणी यायचंच थांबेल. म्हणजे त्यातून गोडं पाणी वेगळं करायला लागणारी किमान ऊर्जा थेट आरओपेक्षा कमी असूच शकत नाही. 'फुकटचं पाणी' असं कोणी म्हणालं, तर हा हिशेब मागा.

पळवाट एकच, विजेऐवजी टाकाऊ उष्णता वापरायची. २००५ मध्ये येल विद्यापीठातल्या मॅककचन, मॅकगिनिस आणि एलिमेलेक यांनी मांडलेलं अमोनिया-कार्बन डायऑक्साइडचं द्रावण याचसाठी गाजलं. अमोनियम बायकार्बोनेट ६० अंश सेल्सियसच्या आसपास तापवलं की विघटन होऊन दोन्ही वायू निघून जातात. ते गोळा करून पुन्हा वापरायचे. कल्पना देखणी आहे, पण पाण्यात उरलेला थोडासा अमोनियाही चालत नाही, आणि मेम्ब्रेनमधून तो उलट्या दिशेनेही झिरपतो.

ही उलटी गळती प्रत्येक सोल्यूटची डोकेदुखी. मॅग्नेशियम क्लोराइड मिठापेक्षा कमी गळतं, पण मेम्ब्रेनच्या सच्छिद्र आधारथरात हळू पसरतं. आत शिरलेलं पाणी तिथलं द्रावण पातळ करतं आणि ओढ कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी पडते. चुंबकाने गोळा करता येणारे नॅनोकण ऐकायला छान वाटतात. पण परासरण दाब ठरतो कणांच्या संख्येवर, वजनावर नाही. कण मोठा झाला की तेवढ्याच वजनात संख्या घटते. वर ते एकमेकांना चिकटतात ते वेगळंच.

सोडवायची गरजच नसेल, तर मात्र फॉरवर्ड ऑस्मोसिस खरोखर कामाचं. आणीबाणीत पाणी शुद्ध करायच्या पिशव्यांत साखर हाच ड्रॉ सोल्यूट असतो; तयार झालेलं सरबत तसंच प्यायचं. खताचं द्रावण वापरलं तर ते सिंचनाला जातं, पण बहुतेकदा आणखी पातळ करावं लागतं.

प्रयोग करणार असाल तर साध्या मिठापासूनच सुरुवात करा. दुसऱ्या बाजूला, म्हणजे ज्यातून पाणी ओढलं जातं त्या फीडच्या भांड्यात, नळाचं नाही तर डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्याची विद्युतवाहकता मोजत राहा. किती मीठ उलटं गळतंय ते लगेच कळेल.