शूटिंगची परवानगी असली तरी वाट अडवता येत नाही

प्रश्न : मी गिरगावातील खोताच्या वाडीत राहते. शेजारचा जुना बंगला वरचेवर शूटिंगसाठी भाड्याने दिला जातो. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला आईला रुग्णालयातून घरी आणताना युनिटच्या माणसाने ‘शॉट चालू आहे’ असे सांगून आम्हाला गल्लीच्या तोंडाशी वीस मिनिटे उभे केले. जनरेटर पहाटेपर्यंत सुरू होता. आमचा लाकडी व्हरांडाही चित्रित होतो, पण त्याचे पैसे मिळत नाहीत. काय करता येईल?

उत्तर : पैशांचा मुद्दा आधी संपवतो, कारण त्यात आपली निराशाच होणार आहे. रस्त्यावरून दिसणारा घराचा दर्शनी भाग बाहेर उभे राहून चित्रित केला, तर केवळ त्यासाठी मोबदला मागण्याचा हक्क घरमालकाला मिळत नाही. मात्र आपल्या ओट्यावर दिवा ठेवला, खांबाला केबल बांधली किंवा कोणी फाटकाच्या आत पाऊल टाकले, तर आपली संमती लागते, आणि ती देताना भाडे व नुकसानभरपाईच्या अटी आपण लेखी घालू शकता.

वाट अडवणे ही याहून गंभीर बाब आहे. पालिका किंवा पोलिसांनी शूटिंगला परवानगी दिली, म्हणून रहिवाशाला त्याच्या घराच्या वाटेवर रोखण्याचा अधिकार युनिटच्या माणसाला मिळत नाही. ‘दोन मिनिटे थांबता का’ ही विनंती झाली आणि ती आपण नाकारू शकता. पण आडवे उभे राहून जाऊच न देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 खाली गैरनिरोध ठरू शकतो, ज्यासाठी एक महिन्यापर्यंत साधा कारावास, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. सार्वजनिक वाटेत अडथळा करण्याबाबत कलम 285 वेगळे आहे. म्हणून असे पुन्हा घडल्यास हुज्जत न घालता 112 क्रमांकावर फोन करावा आणि नंतर पोलीस ठाण्यात वेळ, ठिकाण व साक्षीदारांची नावे लिहून तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर वेळ असेल, तर त्याची प्रत सोबत जोडावी. आपण त्या रात्री त्या वाटेने का आलात, हे त्यातून आपोआप स्पष्ट होते.

जनरेटरबाबत ध्वनिप्रदूषण नियम, 2000 लागू होतात. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेतील मर्यादा 45 डेसिबल आहे आणि आवाज तिच्यापेक्षा 10 डेसिबलने किंवा अधिक वाढला, तर नियम 7 खाली तक्रार करता येते. मोबाइलवरील ॲपच्या आकड्यावर विसंबू नये. पोलिसांनीच यंत्राने मोजणी करावी, अशी मागणी तक्रारीत असावी.

मात्र या सर्वांआधी माहितीच्या अधिकारात पालिकेच्या विभाग कार्यालयाकडे व पोलिसांकडे स्वतंत्र अर्ज करून त्या रात्रीच्या परवानगीची अटींसह प्रत मागवा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. माझ्या अनुभवात अशा प्रकरणांचा निकाल कायद्याच्या कलमांपेक्षा त्या अटींवरच अधिक वेळा लागतो, कारण परवानगी कुठपर्यंतची आणि किती वाजेपर्यंतची होती, हे त्यातच लिहिलेले असते. ती गल्ली पालिकेची की खासगी, हेही याच अर्जात विचारा. खासगी असेल, तर पालिकेची परवानगी पुरेशी नसून गल्लीच्या मालकांची संमतीही लागेल. बंगल्याच्या मालकांना मात्र आजच एक पत्र पाठवून ठेवा, कारण पुढे दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागायची वेळ आली, तर त्रासाची कल्पना त्यांना आधीच दिली होती, हे दाखवता आले पाहिजे.